लाल रेघ

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. वहीत 'टर्न अप', 'शो अप', 'ड्रॉप इन' असलं काही दिसलं की रेघ मारून वर 'अराइव्ह' लिहायचं, हा माझा जुना शिरस्ता. हे प्रयोग मला उनाड वाटत. खरं कारण निराळं होतं. व्याकरणाचं पुस्तक मला पाठ होतं. बोलण्यातली इंग्रजी येत नव्हती. आपल्याला न येणारं ते अशुद्ध ठरवणं मास्तराला फार सोपं जातं.

एकदा धड्यात 'रोल इन' आलं. मी कोशातला अर्थ सांगितला: उशिरा, आणि त्याचं काही न वाटता येणं. मागून एक मुलगी म्हणाली, "म्हंजे उगवनं ना, सर? आमचा मामा पंगत उठल्यावर उगवते, तसं."

आणि मी काय म्हणालो? "उगवते नाही, उगवतो."

वर्ग हसला, ती खाली बसली. तिनं अर्थ कोशापेक्षा नेमका पकडला होता. 'उगवणे'त वाट पाहणाऱ्याची चीडही आली. मी मात्र तिची वऱ्हाडी सुधारत होतो. माझी आई जन्मभर तसंच बोलली. दर 2 ऑक्टोबरला मी भाषण ठोकतो: 1937 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव झाला. कुणाला ऐकवत होतो मी ते?

नंतर मनात मराठीतलं 'येणं' धुंडाळत राहिलो. आगंतुक टपकतो, मोर्चा येऊन धडकतो, दिवाळी येऊन ठेपते, बदली झालेला कारकून आडगावी येऊन पडतो. इंग्रजी क्रियापदामागे 'इन', 'अप' लावते, आपण अख्खं दुसरं क्रियापद जोडतो, संस्कृत 'गमना'च्या पुढे 'आ' लावून आगमन करते. यातलं उनाड कोणतं?

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणालो, "काल ती बरोबर होती."

"उगवते का उगवतो?" तिनंच विचारलं.

"दोन्ही."

मग 'ड्रॉप इन'वर तास संपेपर्यंत वाद झाला. मी 'टपकणे' म्हणालो. पोरांनी हाणून पाडलं. टपकण्यात नकोसेपणा आहे, 'ड्रॉप इन'मध्ये नाही. ते नुसतं सहज डोकावणं. पोरं बरोबर होती.

मुख्याध्यापकांना लिहायच्या अर्जात 'रोल इन' आलं तर अजूनही रेघ मारतो. फक्त शेजारी कारण लिहितो.