मधल्या पायरीवरची गाडी

आमच्या आजोबांच्या लोखंडी ट्रंकेच्या तळाशी बिस्किटांचा एक जुना डबा असे. त्या डब्यात पैसे नव्हते की दागिने नव्हते. होती ती केवळ पाच चकचकीत रोमन अक्षरे : डी, ई, एस, ओ आणि टी. सहावे अक्षर कोठे तरी गळून पडले होते. सुट्टीत आम्ही भावंडे ती अक्षरे ओसरीवर मांडून नाना तऱ्हेचे शब्द जुळवीत असू आणि एकही शब्द धड जुळला नाही की आजोबांकडे धाव घेत असू. मग आजोबा अक्षरे ओळीने लावीत, शेवटी जमिनीवर बोटाने एक गोल काढीत आणि म्हणत, "डिसोटो!"

पोर्तुगीज अमलातील गोव्यात आजोबा डिचोलीच्या एका व्यापाऱ्याकडे शोफेर होते. त्यांनी चालवलेली पहिली मोटार म्हणजे ही डिसोटो. ती केव्हाच मोडीत निघाली. आजोबांनी तिच्या तोंडावरची अक्षरे तेवढी मागून घेतली. तिच्याविषयी बोलताना त्यांचे एक वाक्य ठरलेले असे : "गाडी वायट नाशिल्ली गो बाय, तिका जागोच उरूंक ना." गाडी वाईट नव्हती ग, तिला जागाच उरली नाही. दहा वर्षांच्या मला त्यातले दुःख कळे, अर्थ कळत नसे. तो कळण्यासाठी मला त्या गाडीची कुळकथा वाचावी लागली आणि पुढे शिक्षिका व्हावे लागले. ती कथा आज तुम्हांस सांगणार आहे. गेल्या सहामाहीत प्रगतिपुस्तके लिहिताना ती मला पुन्हा का आठवली, तेही शेवटी सांगेन.

डिसोटोचा जनक वॉल्टर क्रायस्लर हा अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका रेल्वे इंजिनचालकाचा मुलगा. तो स्वतःही रेल्वेच्या कारखान्यातच हातांना काळे फासून शिकला. १९०८ साली शिकागोच्या प्रदर्शनात त्याने पाच हजार डॉलर किमतीची एक मोटार पाहिली, आणि बहुतांश रक्कम कर्जाऊ घेऊन ती विकत घेतली. घरी आणल्यावर मात्र तो तिच्यात बसून हिंडला नाही. त्याने ती सुटी केली, पुन्हा जोडली, पुन्हा सुटी केली. चालवायला तो नंतर शिकला. अशा माणसाने १९२५ साली स्वतःच्या नावाची कंपनी काढली.

त्या काळी अमेरिकेत मोटारीच्या धंद्याला एका शिडीचे रूप आले होते. जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीने शेव्हरोलेटपासून कॅडिलॅकपर्यंत एकेका ऐपतीसाठी एकेक नाव योजले होते. तरुण कारकुनाने खालच्या पायरीवर यावे, पगार वाढेल तसे एकेक पायरी चढावे आणि केस पिकल्यावर वरच्या पायरीवर बसावे, अशी ती योजना. क्रायस्लरलाही अशीच शिडी हवी होती. १९२८ च्या उन्हाळ्यात त्याने अगदी थोड्या आठवड्यांच्या अंतराने तीन गोष्टी केल्या. स्वस्त अशी प्लिमथ बाजारात आणली. डॉज ही जुनी, नावाजलेली कंपनी विकत घेतली. आणि ऑगस्टमध्ये मधल्या किमतीची डिसोटो जाहीर केली. सोळाव्या शतकात मिसिसिपी नदीपर्यंत पोचलेल्या एर्नांदो दे सोतो या स्पॅनिश मोहीमवीराचे नाव तिला दिले होते.

या जन्मकथेतच पुढच्या मरणाचे बीज आहे. डॉजचा व्यवहार अजून वाटाघाटीत असतानाच डिसोटोची तयारी चालली होती. डॉज हाती लागली नाही, तर मधली पायरी रिकामी राहू नये हा त्यात हेतू होता असे सांगतात. पण डॉज हाती लागली. पाळण्यात एक मूल घातले आणि त्याच आठवड्यात शेजारी दुसरे मोठे मूल दत्तक आणले, असा तो प्रकार झाला. एका पायरीवर दोघी बहिणी आल्या.

तरीही आरंभ दृष्ट लागण्याजोगा होता. पहिल्या बारा महिन्यांत ८१ हजारांहून अधिक डिसोटो विकल्या गेल्या. नव्या नावाच्या गाडीने पहिल्याच वर्षी गाठलेला हा आकडा पुढे सुमारे तीस वर्षे कोणाला ओलांडता आला नाही. मग मंदीचे दिवस आले. १९३३ मध्ये कंपनीने दोघी बहिणींच्या जागांची अदलाबदल केली : आधी डिसोटो डॉजच्या खाली होती, ती आता वर गेली. ग्राहकाने कालपर्यंत जी पायरी ओळखून ठेवली होती, ती आज भलतीकडेच.

पुढच्याच वर्षी तिच्यावर एक मोठी जबाबदारी येऊन पडली. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून एअरफ्लो नावाची नवी घडण सिद्ध केली होती. तोवरच्या मोटारी म्हणजे घोडा काढून घेतलेली बग्गीच. ही गाडी मात्र वारा कापीत जावी अशी गोलसर होती. इंजिन पुढे सरकवल्यामुळे मागची माणसे चाकांवर न बसता दोन चाकांच्या मधोमध बसत आणि त्यांना धक्के कमी लागत. शास्त्र अगदी बरोबर होते. परंतु लोकांच्या डोळ्यांना ते रूप रुचले नाही. क्रायस्लर या वरच्या नावाने नव्या घडणीबरोबर जुन्या घडणीच्याही गाडया ठेवल्या होत्या. डिसोटोला मात्र १९३४ मध्ये केवळ एअरफ्लोच दिली गेली. त्या वर्षी तिची विक्री चौदा हजारांच्याही आत आली. घरात नवा प्रयोग करायचा तर तो मधल्या मुलावर करावा, हा अनुभव तुमच्यापैकी काहींना असेलच!

डिसोटो तेव्हा मेली नाही. जुन्या घडणीकडे वळून ती सावरली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचे बरे दिवस आले. १९५२ मध्ये तिला आठ नळकांड्यांचे नवे जोमदार इंजिन मिळाले. ग्रूचो मार्क्स या विनोदी नटाचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम तिच्या विक्रेत्यांच्या खर्चाने चाले, त्यामुळे तिचे नाव घरोघर पोचले. व्हर्जिल एक्सनर या रेखनकाराने तिला १९५७ मध्ये माशाच्या शेपटीसारखे उंच पंख दिले, आणि त्या साली एक लाखाहून अधिक गाडया खपल्या.

याच सुमारास तिचे नाव आपल्या देशातही परिचयाचे होते. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाडयांची जोडणी सुरू केली. परंतु परदेशांसाठी जी डिसोटो निघे, तिच्यात एक गंमत होती. 'डिप्लोमॅट' हे तिचे नाव, आणि ती वस्तुतः प्लिमथच असे; समोरची जाळी आणि नावाची अक्षरे एवढीच काय ती डिसोटोची. आजोबांची गाडीही डिप्लोमॅटच होती. एकदा तिचा कसलासा भाग तुटला, तेव्हा म्हापशाच्या मिस्त्रीने प्लिमथचा भाग आणून सहज बसवून दिला. तो इतका अचूक बसला, की गाडी दुरुस्त झाल्याचा आनंद होण्याऐवजी आजोबांना वाईटच वाटले. "मुखवटा आपला आणि अंग शेजारणीचे," असे ते म्हणत.

डिप्लोमॅटची ही अवस्था पुढे अमेरिकेतल्या डिसोटोच्याही वाट्याला आली. १९५७ मध्ये निघालेली तिची स्वस्त आवृत्ती डॉजच्या सांगाड्यावर उभी होती. खालून डॉज आपल्या महाग गाडया घेऊन वर चढत होती. वरून क्रायस्लर आपल्या स्वस्त गाडया घेऊन खाली उतरत होती. बाहेरच्या शत्रूची गरजच उरली नव्हती. त्यात १९५७ च्या गाडया घाईने बाजारात आणल्याने लवकर गंजतात, अशी कुरकुर सुरू झाली, आणि १९५८ मध्ये देशात मंदी आली. मंदीत श्रीमंत श्रीमंतच राहतो आणि गरीब स्वस्त वस्तू शोधतो. मधला मात्र खरेदीच पुढे ढकलतो. डिसोटोची विक्री एका वर्षात निम्म्याहून खाली घसरली. फोर्ड कंपनीने याच मधल्या पायरीसाठी मोठा गाजावाजा करून १९५७ मध्ये आणलेली एडसेल १९५९ मध्ये गुंडाळली गेली. त्याच १९५९ साली विसाव्या लाखाची डिसोटो कारखान्यातून बाहेर पडली. पण उत्सवाच्या त्या दिवसांतही ती आता बंद होणार, अशी कुजबुज चालूच होती. अखेर ३० नोव्हेंबर १९६० रोजी, १९६१ च्या नव्या गाडया बाजारात येऊन पुरते दोन महिनेही झाले नसतील, तोच कंपनीने तिचा शेवट जाहीर केला. त्या अखेरच्या मालिकेत जेमतेम तीन हजार गाडया निघाल्या. पुढे इतर मधल्या पायऱ्याही एकेक करून निखळल्या : २००४ मध्ये ओल्डस्मोबील, २०१० मध्ये पाँटिॲक, २०११ मध्ये मर्क्युरी.

गाडी वाईट नव्हती. वीस लाख कुटुंबे काही वाईट गाडी घेत नाहीत. पण 'डॉजच का नको, क्रायस्लरच का नको, डिसोटोच का हवी?' या प्रश्नाला अखेरीस तिच्या मालकांपाशीच उत्तर उरले नव्हते. आजोबांच्या "जागो उरूंक ना" या शब्दांचा हा अर्थ.

आता प्रगतिपुस्तकांविषयी. गेल्या सहामाहीला मी माझ्या वर्गातील बेचाळीस मुलांचे शेरे लिहीत बसले होते. पहिल्या आठ-दहा जणांविषयी लिहायला पुष्कळ होते. शेवटच्या सहा-सात जणांविषयी तर त्याहून पुष्कळ! उरलेल्या मधल्या मुलांच्या पुढे मी एकामागून एक 'प्रगती समाधानकारक' असे लिहीत गेले. हात दुखत होता आणि रात्र झाली होती, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिले. पुस्तके वाटल्यावर दुसऱ्या दिवशी मधल्या बाकावरची एक मुलगी माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, समाधानकारक म्हणजे काय हो? माझ्या शेजारणीलाही तेच लिहिलंय. आम्ही दोघी सारख्या आहोत का?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या संध्याकाळी मी तिच्या निबंधाची वही पुन्हा काढली. 'आमचा हंगाम' या निबंधात तिने घरच्या गुऱ्हाळाचे वर्णन केले होते. काहिलीतील रसाचा फेस कसा बदलतो, त्याचा रंग पाहून तिचे वडील जाळ कधी ओढून घेतात, हे तिने चार ओळींत असे लिहिले होते, की वाचताना गुळाचा वास यावा. त्या चार ओळींत मी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते आणि पुढे गेले होते. मीच माझ्या विद्यार्थिनीच्या तोंडावर शेजारणीची जाळी बसवली होती.

मित्रहो, मी घरी कोकणी बोलते आणि बेळगावात मराठी शिकवते. आपली शाळाही कानडी आणि इंग्रजी शाळांच्या मधोमध उभी आहे. मधे असणे म्हणजे काय, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मधे असण्यात उणेपणा नाही. ज्याचे वेगळेपण कोणी पाहिलेच नाही, त्याची जागा मात्र दोन्ही बाजूंचे शेजारी न भांडताही घेऊन जातात. कारखान्याला विक्रीचा हिशेब करावाच लागतो; न खपणारे नाव त्याने पुसले, तर त्याला दोष देता येत नाही. शाळेला मात्र तो हिशेब करण्याचा अधिकार नाही.

मी त्या मुलांची प्रगतिपुस्तके परत मागवली. मुख्याध्यापकांनी चश्म्यावरून पाहिले, पण हरकत घेतली नाही. नवे शेरे लिहायला मला नऊ दिवस लागले, कारण प्रत्येकाच्या वह्या पुन्हा वाचाव्या लागल्या. दोन मुलांविषयी तरीही मला काही सुचले नाही. तो त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या बाकाशेजारी मी आता रोज थोडा वेळ उभी राहते.

आजोबांच्या पश्चात तो डबा माझ्याकडे आला. शिक्षक-खोलीतल्या माझ्या कपाटात तो आहे. कोणीही येऊन पाहावा. ती पाच अक्षरे हाती घेऊन मुले विचारतात, "बाई, हा कोणता शब्द?" मग मी ती ओळीने लावते आणि शेवटी टेबलावर बोटाने एक गोल काढते.