नेवाशाची तारीख

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकाला काश्मीर हवे, निदान महाबळेश्वर तरी हवे. पण आमच्या जिल्ह्यातला माणूस जो प्रवास पुन्हापुन्हा करतो, तो देवाचाही नसतो आणि हवापालटाचाही नसतो. तो तारखेचा असतो. सकाळच्या एस. टी. त मांडीवर कागदांची पिशवी घेऊन, ती दोन्ही हातांनी धरून बसलेला माणूस दिसला, की तो तारखेला निघाला आहे असे खुशाल समजावे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जिभेवर मात्र अजून नगरच येते. त्या नगरहून इमामपूरचा घाट उतरला की घोडेगाव लागते. तिथे शनिशिंगणापूरचे यात्रेकरू उतरतात, कांद्याचे व्यापारी उतरतात, आणि गाडीत उरतो तो बहुतेक आमच्यासारखा कोर्टाचा वारकरी. नेवासे फाट्यापासून गाव दोन पावलांवर.

निमित्त असे की आमचे चुलते वारले. मागे काकू, दोन मुलगे आणि शेवगावकडे दिलेली एक मुलगी. गावठाणात घर, कालव्याखाली थोडा ऊस, आणि बँकेत एक मुदत ठेव, जिच्यावर नामनिर्देशन केलेले नव्हते. बँकेने सांगितले, कोर्टाचा दाखला आणा. एका मुंबईकर स्नेह्यांनी लगेच सल्ला दिला की प्रोबेट घेऊन टाका. पण प्रोबेट मिळते ते मृत्युपत्राचे, आणि हिंदूंना त्याची सक्ती होती ती मुंबईसारख्या मोजक्या शहरांपुरती. आमच्याकडे माणूस उसाचे दारे धरता धरता जातो. त्याची इच्छा काय होती, हे मागच्यांनी आपापल्या सोयीने सांगायचे.

मृत्युपत्र नसले म्हणजे वाटा तीन. जमिनीची वाट तलाठ्याकडून जाते. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण हाक तलाठीभाऊसाहेब अशीच पडते. वारस नोंदीचा अर्ज, मग फेरफार, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. ही नोंद न केल्यामुळे कित्येक उताऱ्यांवर अजून आजोबा-पणजोबाच शेती करीत होते, म्हणून सरकारने २०२५ साली राज्यभर एक मोहीम काढली. तिचे नाव ‘जिवंत सातबारा’. मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, सरकारी कागदावर इतका चांगला शब्दप्रयोग फार दिवसांनी वाचला. दुसरी वाट ठेवी, येणी, शेअर यांची. तिला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा, आणि रकमेच्या मानाने कोर्ट फी. आणि तिसरी वाट नुसत्या वारस दाखल्याची. तो मिळतो १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली. एल्फिन्स्टनसाहेब मुंबईचे गव्हर्नर असताना झालेला हा कायदा. पेशवाई बुडून तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. पुढे राज्ये बदलली, रेल्वे आली, साहेब गेला, आणि नेवाशाच्या बाररूममध्ये आमचे वकील अजून शांतपणे लिहितात, ‘सन १८२७ चे रेग्युलेशन ८ अन्वये अर्ज.’

वकिलांनी काकूंना ठेवीचा आणि वारसाचा असे दोन्ही अर्ज करायला सांगितले. अर्जातली भाषा मोठी मौजेची. गेला तो ‘मयत’. मागे राहिले ते ‘वारस’. मिळायचा तो ‘दाखला’, मिळत जाते ती ‘तारीख’, आणि कोणी आड आला तर त्याची ‘हरकत’. सारे शब्द मुळात अरबी. जन्माला, मुंजीला, लग्नाला आम्हांला संस्कृत लागते. घरातला माणूस गेल्यावर वाटणीला बसलो की अरबीवाचून अडते. त्यातही ‘सामनेवाले’ हा शब्द काकूंना फार लागला. अर्ज एकाने करायचा, म्हणून काकू अर्जदार. बाकीचे वारस, म्हणजे पोटची पोरे, सामनेवाली. “माझी पोरं माझ्या सामने कशाला उभी राहत्यान?” असे त्यांनी वकिलांना विचारले. वकील चांगले होते. ते हसले नाहीत.

खरी अडचण पुढेच होती. वारसांची यादी करताना थोरला म्हणाला, बहिणीचे नाव घालायला नको. तिचे लग्न आम्ही केले, दिवाळसण केला, आता कागदावर कशाला? यात त्याला काही वावगे वाटत नव्हते, आणि आमच्या भागात ते फारसे कोणाला वाटतही नाही. वकिलांनी समजावले की १९५६ पासून बापाच्या स्वकष्टाच्या पैशात विधवा, मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा. वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तो त्यानंतर लग्न होणाऱ्या मुलींना. २००५ साली दिल्लीने तो विवाहित-अविवाहित हा भेद न ठेवता देशभर दिला. आणि खाली शपथपत्र आहे. एक वारस लपवून शपथ घेता येत नाही. थोरला म्हणाला, “मग नाव घाला. पुढं हक्कसोड घेऊ.”

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “नाव घाला म्हणायला तू कोण? ती काय वाऱ्यावर आली व्हय?”

अर्ज दाखल झाला की जाहीरनामा निघतो. कोणाची हरकत असल्यास एका महिन्याच्या आत हजर व्हावे, असा त्याचा मजकूर. तो कोर्टात लागतो, गावात लागतो, वर्तमानपत्रात येतो. हा महिना फार विलक्षण. इतके दिवस चुलते गेले हे घरापुरते होते. आता पारावरची मंडळी कागदासमोर उभी राहून त्यांचे नाव मोठ्याने वाचू लागली. पहिले चार दिवस काकू त्या बाजूने पाण्याला गेल्या नाहीत. हरकत कोणाचीही आली नाही.

महिन्यानंतरच्या तारखेला सगळे हजर होतो. पुकारा दुपारनंतर होणार असे कळले, म्हणून मधल्या सुट्टीत मी काकूंना आणि बहिणीला पैसाच्या खांबाकडे घेऊन गेलो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली, अशी श्रद्धा आहे. लोक खांबाला डोके टेकवतात. त्यावरचा लेख कोणी वाचीत नाही. लेख संस्कृत आहे. करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी आजोबांनी दरमहा जे लावून दिले होते, ते नातू पुढे चालू ठेवतो आहे, असा त्याचा आशय. म्हणजे ज्या दगडाला आपण ज्ञानोबांचा म्हणून हात लावतो, तो मुळात वारसाचा कागद आहे! आणि त्यात ‘मला काय मिळाले’ हा मजकूर नाही; ‘माझ्याकडे काय चालवायचे आले’ हा आहे. मी हे सांगितले तेव्हा काकूंनी एवढेच विचारले, “मग आता तेल कोण घालतं?”

परतताना मला अहिल्याबाईंची गोष्ट आठवली. त्या याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. माल्कमने ती लिहून ठेवली आहे. एक धनिक सावकार निपुत्रिक वारला. त्याच्या संपत्तीत वाटा घ्यावा असे तुकोजी होळकरांच्या मनात कोणी भरवले. सावकाराची विधवा महेश्वरी धावली. अहिल्याबाईंनी तिचे ऐकून घेतले आणि नवऱ्याच्या घराची व संपत्तीची ती एकटी धनीण, याची खूण म्हणून तिला पोशाख दिला. तुकोजींना इंदुरापासून दूर सरकण्याचा हुकूम गेला. ना जाहीरनामा, ना महिना, ना कोर्ट फी. अर्थात प्रत्येक तालुक्याला अहिल्याबाई कुठून आणायची? म्हणून रेग्युलेशन ८.

पुकारा झाला. काकूंचा जबाब दोन मिनिटांत संपला. मग बहिणीला विचारण्यात आले, दाखला देण्यास आपली हरकत आहे काय? थोरला मान खाली घालून उभा होता.

“हरकत नाही,” ती म्हणाली. “माझं नाव आहे तसं राहू द्या.”

पुढे आणखी दोन तारखा गेल्या आणि दाखल्याची नक्कल हाती आली. शिक्का मोठा, कागद साधा. या दाखल्याने मालकी ठरत नाही. उद्या कोणी याहून बळकट हक्क दाखवला तर त्याला दावा मोकळा आहे, हे वकिलांनी निक्षून सांगितले. काकूंनी कागद बहिणीकडे दिला. तिने चारी नावे वाचली, आपल्या नावाशी थांबली, आणि सासरच्या आडनावापुढे लिहिलेले ‘माहेरचे नाव’ पुन्हा एकदा वाचले.

धाकटा मोटारसायकलवर पुढे गेला. आम्ही स्टँडवर आलो. गाडीत थोरला बहिणीला म्हणाला, “भाऊबीजेला आलीस की तेवढं हक्कसोडीचं रजिस्टर करून टाकू.”

“भाऊबीजेला मी येणारच आहे,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “कचेरीला सुट्टी असती त्या दिवशी.”

थोरला काही बोलला नाही. कंडक्टर आला, तेव्हा त्याने दोन पूर्ण आणि दोन बायकांची अर्धी तिकिटे मागितली.