निंबाखालचे रोडगे

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांस 'रोडगा' हा शब्द प्रथम भेटतो, तो बहुधा संत एकनाथांच्या भारुडात. सासुरवासाने गांजलेली एक सून भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलते. आणि त्याच्या बदल्यात सासरा, सासू, नवरा अशी घरातली एकेक व्यक्ती वाटेतून दूर व्हावी व आपण एकटीच उरावे, असे मागते. या नात्यांच्या आडून नाथांना मनातल्या विकारांविषयी बोलावयाचे आहे, हे कीर्तनकार उलगडून सांगतातच. परंतु तो रोडगा कसा भाजतात आणि एकट्या बाईने तो करावयाचा म्हटले तर काय होईल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. माझे माहेर वऱ्हाडातले. तरीही तो विचार मला सुचण्यास गेल्या माघातला एक दिवस यावा लागला.

पुण्याहून सायंकाळी निघालेली आगगाडी दौंड, मनमाड, भुसावळ मागे टाकीत सकाळी मूर्तिजापुरास पोहोचली. येथूनच पूर्वी अचलपुराकडे 'शकुंतला' नावाची अरुंद रुळांची गाडी जात असे. लहानपणी आजोळाहून परतताना तिच्या खिडकीत बसण्यासाठी आम्हां भावंडांत भांडणे होत. आता ती बंद पडली आहे आणि रुळांवर गवत माजले आहे. दादा मोटार घेऊन न्यावयास आला होता. दर्यापुराच्या रस्त्याने जाताना तो फारसे बोलला नाही. मीही काही विचारले नाही. मी कशासाठी आले आहे, हे दोघांसही ठाऊक होते.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस पसरलेला हा मुलूख 'खारपाण पट्टा' म्हणून ओळखला जातो. काळी, खोल, चिकण माती. आणि तिच्या पोटातले पाणी खारट. विहीर खणली तरी ते पाणी धड पिण्यास उपयोगी नाही, धड पिकास मानवत नाही. म्हणून येथील शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर: कापूस, तूर, मूग, ज्वारी, आणि पावसाळ्यात मुरलेल्या ओलाव्यावर हिवाळ्यात हरभरा व थोडा गहू. शेतात स्वयंपाक करावयाचा झाला तर पीठ-मिठाआधी गोड्या पाण्याची सोय पाहावी लागते. त्या दिवशीही दादाच्या मोटारीत घरून भरून घेतलेली पाण्याची चार पिंपे होती.

शेत आजोबांच्या नावचे. आजोबांमागे थोरले काका, माझे वडील आणि धाकटे काका अशा तिघांचे ते एकत्र राहिले. आता वडील नाहीत, दोन्ही काका थकले, आणि मुले पुणे, नागपूर, बंगळूर अशी पांगली. अखेर वाटण्या करून ज्याला विकावयाचे असेल त्याने आपला हिस्सा विकावा, असे ठरले. २००५ साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीलाही लेकाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. म्हणून नागपूरची आत्या व मी, अशा घरच्या लेकींस हक्कसोडपत्रावर सही करण्याकरिता बोलावणे आले होते. दुपारी तीन वाजता कचेरीत जावयाचे होते. थोरल्या काकूंनी मात्र निरोप धाडला होता, "सही करायची ती करा, पण त्याआधी सगळ्यांनी एकदा निंबाखाली जेवायचे."

विहिरीशेजारच्या त्या निंबाखाली आम्ही तीस माणसे जमलो. सहा किलो जाडेभरडे दळलेले गव्हाचे पीठ काकूंनी परातीत ओतले. पोळीची मऊ कणीक येथे कामाची नाही. रव्यासारखे हाताला लागणारे पीठच हवे. त्यात मीठ, हातावर चोळलेला ओवा आणि पाऊण किलो तेल घालून ते पिठास चोळले व अगदी थोड्या पाण्यात घट्ट भिजवले. मग जाड पोळी थापावी, तिला तेलाचे बोट फिरवावे, घडी घालावी, पुन्हा तेल, पुन्हा घडी, आणि शेवटी कडा आत वळवून मुठीएवढा गोळा करावा. आत्या, वहिनी, मी आणि पुतण्या अशा आम्ही गोल बसून गोळे वळीत होतो.

तिकडे आबांनी गोवऱ्यांची रास पेटवली. आबा म्हणजे आमचे शेत तीस वर्षे बटईने करणारे गृहस्थ. रास धडधडून पेटलेली पाहून दादा रोडगे घेऊन पुढे झाला, तशी आबांनी त्यास थोपविले. "धूर हाये तोवर हात नोका लावू, भाऊ. जाळानं रोडगा जयते, निखाऱ्यानं शिजते."

या एका वाक्यात रोडग्याचे सारे शास्त्र आहे. पाव फुगतो तो किण्वाने. खमिरातले सूक्ष्म जीव वायू निर्माण करतात आणि पिठातला चिवट अंश तो धरून ठेवतो. रोडग्यात असे काही नाही. त्यास हलकेपणा येतो तो वाफेने आणि तेलाने. घड्यांमधले तेल पदरांस एकमेकांत मिसळू देत नाही, आणि भिजवलेल्या पाण्याची वाफ त्या पदरांमधून वाट काढते. फुलका पातळ असल्यामुळे त्यातली वाफ क्षणात दोन पापुद्रे वेगळे करते. मुठीएवढ्या गोळ्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचावयास मात्र वेळ लागतो. जाळावर टाकला तर वरची साल करपून जाते आणि आत कच्चे पीठ उरते. म्हणून निखाऱ्यांवर उलटसुलट करून आधी साल धरू द्यावयाची, आणि नंतर गरम राखेत व आरात पुरून ठेवावयाचे. माळव्यातली बाटी, बिहारातली सातूचे सारण भरलेली लिट्टी, ऑस्ट्रेलियातील गुराखी रानात राखेखाली भाजीत तो 'डॅम्पर', ही सारी याच कुळातली. जेथे माणसाजवळ पीठ, पाणी आणि विस्तव आहे, पण भट्टी नाही व खमीर राखावयास सवड नाही, तेथे त्याने हीच युक्ती शोधून काढलेली दिसते.

आमच्या लहानपणी या निंबाखाली दोन राशी पेटत. एक आमची, सोवळ्यातली. दुसरी बांधापलीकडे, शेतावरच्या माणसांची. तेच पीठ, त्याच गोवऱ्या. पण आमच्या विस्तवाला त्यांचा हात लागत नसे. आजी गेली आणि ती दुसरी रास कधी बंद झाली, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. आज रास एकच होती, आणि ती कशी राखावी हे ठाऊक असलेला मनुष्य आमच्यापैकी नव्हता. ज्यांना आम्ही बांधापलीकडे बसविले, त्यांनीच आमच्या घरची ही विद्या सांभाळून ठेवली. आबांच्या शेजारी बसून राख सारताना मला याची लाज वाटली, हे येथे लिहून ठेवते.

कचेरीची वेळ जवळ येऊ लागली तसा दादाचा धीर सुटला. वीस मिनिटे होतात न होतात तोच त्याने राख उकरून एक रोडगा काढला आणि मोडला. आत पांढरे, ओले पीठ! आबांनी दोन्ही अर्धे उचलून बाजूला ठेवले व बाकीच्यांवर राख ओढीत म्हटले, "कच्चे हायेत. आणखी दम धरा लागते. कचेरी काही पयून नाही जात."

मग करावयास कोणापाशीच काही उरले नाही. चुलीवर तुरीचे पातळ वरण आणि वांग्याची रस्सेदार भाजी तयार होती, पत्रावळी मांडल्या होत्या, आणि तीस माणसे एका राखेच्या ढिगाकडे पाहत बसली होती. सहा महिने दूरध्वनीवरून जी बोलणी तुटत होती, ती त्या अर्ध्या तासात आपोआप सुरू झाली. धाकट्या काकांनी औषधपाण्यासाठी झालेल्या कर्जाची गोष्ट प्रथमच सर्वांसमोर सांगितली. विक्रीची घाई त्यांना का आहे, हे आम्हां पुण्यातल्या शहाण्यांस तोवर ठाऊकच नव्हते. थोरले काका बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "हे आधी बोलला असतास तर!"

रोडगे निघाले तेव्हा आबांनी एक फडक्याने पुसून मुठीत दाबला. तो फुलासारखा उकलला, आणि पदरापदरांतून वाफ निघाली. तुपात बुडवून, वरणात कुस्करून आम्ही जेवलो. आबाही पंगतीत होते. वाढावयास काकू होत्या.

शहरातल्या वाचकभगिनींनी हे घरीही करून पाहावे. अर्धा किलो जाडे पीठ, चार मोठे चमचे तेल, चमचाभर ओवा, मीठ आणि सव्वादोनशे ते अडीचशे मिलिलिटर पाणी घेतले म्हणजे दहा रोडगे होतात. ओव्हन २०० अंशांवर तापवून त्यात पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावे. मध्ये एकदा उलटावे. गोवरीच्या धुराचा वास येणार नाही, पण पदर सुटतील. मात्र घाई करू नये.

असो. साडेतीनला आम्ही कचेरीत पोहोचलो. धाकट्या काकांचा हिस्सा विकला जाणार होता. तो तसाच विकला जाईल, आणि त्यात वावगे काही नाही. आत्याने सही केली, मीही केली. त्याआधी एक अट मात्र आम्ही दोघींनी घातली: विहीर, निंब आणि त्याखालची जागा वाटणीपत्रात सामाईक लिहावी. कागद दुसऱ्यांदा तयार करावा लागला, दादा थोडा कुरकुरला, पण कोणी नाही म्हटले नाही.

परतीच्या गाडीत मला नाथांची ती सून पुन्हा आठवली. भवानीआईने तिचे सारे ऐकले आणि घरात ती एकटी उरली, असे समजा. नवस फेडावयास ती शेतात आली. आता गोवऱ्या कोण रचणार, राख कोण ओढणार, आणि "अजून कच्चा आहे" असे तिला कोण सांगणार?