दोन मिनिटांचं विमान

विमानात बसलात, पट्टा आवळलात, खिडकीतून जरा खाली डोकावलात आणि तेवढ्यात 'चला, उतरा' असं कुणी म्हणालं तर? थट्टा वाटेल ना? पण असं विमान खरोखरच आहे!

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे समुद्रात ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ सालापासून विमान जातं. अंतर किती? फक्त २.७ किलोमीटर! तुमच्यातले कितीतरी जण शाळेसाठी रोज तेवढं पायी चालत असतील. मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टीसुद्धा याहून लांब आहे.

वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटं दिली आहेत. वारा पाठीशी असला तर तेवढीही लागत नाहीत. एकदा तर विमान ५३ सेकंदांत पोचलं! आता करा गणित. सरासरी वेग येतो ताशी सुमारे १८३ किलोमीटर. वारा समोरून आला, की वेळ वाढतो. अंतर तेच, पण वेळ वाऱ्याच्या हाती. लांबच्या प्रवासातही हेच होतं. मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि परतताना कमी, कारण खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात.

पण एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला? होडी नाही का? आहे की. खरी गोम अशी, की हे विमान निघतं ऑर्कनीच्या मुख्य गावाहून, कर्कवॉलहून. एसटीनं वाटेतली दोन गावं घ्यावीत, तशी ते ही दोन बेटं घेतं. मोठं रुग्णालय कर्कवॉललाच. पापा वेस्ट्रेवर माणसं शंभरसुद्धा नाहीत. तिथल्या आजींचा डोळा दुखायला लागला, डॉक्टरांना बेटावर जायचं असलं किंवा एखाद्या विषयाचे शिक्षक यायचे असले, तर या विमानाचा केवढा आधार!

विमान अगदी छोटं, दोन पंख्यांचं. आठेक प्रवाशांत ते भरतं. एखाद्या नशीबवानाला चक्क वैमानिकाशेजारी बसायला मिळतं! चहा-बिस्किटं मात्र नाहीत. द्यायची तरी कधी?

पाहुण्यांना पापा वेस्ट्रेवर ओढून नेतात ती तिथली दगडी घरं. साडेपाच हजार वर्षांपूर्वीची, इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनी. भिंती अजून उभ्या आहेत आणि दगडी फळ्यासुद्धा!

धुकं दाटलं, की मात्र विमान अडतं. मग पलीकडचं बेट दोन मिनिटांवर असूनही माणसं सामान घेऊन आभाळाकडे बघत बसतात.