जर्नल फेअर नको, खरे हवे

संपादकांनी यंदा जनुकसंपादनावर लेख मागितला होता. वाचकांना त्याविषयी कुतूहल आहे हे मलाही दिसते. पण गेल्या उन्हाळ्यात एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला आणि तेव्हापासून दुसराच विषय डोक्यातून जात नाही. म्हणून मी त्यांना म्हटले, मला प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या जर्नलवर लिहू द्या. त्यांनी ते मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार.

ही मुलगी एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. हात चोख, स्वभाव प्रामाणिक. तपासणीला आलेल्या ऑडिटरला तिच्या टेबलावर कागदाचा एक चिठोरा सापडला. त्यावर नमुन्यांच्या वजनाचे आकडे होते. ते नंतर सुवाच्य अक्षरात नोंदवहीत उतरवायचे, असा तिचा बेत होता. आकडे खरे होते, एकही बदललेला नव्हता. तरी चौकशी लागली आणि तिला त्या कामावरून दूर करण्यात आले. फोनवर ती एवढेच म्हणाली, “मॅडम, अकरावीपासून आम्ही असंच करत आलो. आधी कच्चं, मग फेअर. नीटनेटकं लिहिणं हा गुन्हा कधीपासून झाला?”

औषध उद्योगात नोंदीला पाच प्रश्न विचारतात. ती कोणी केली हे कळते का? ती वाचता येते का? काम होत असतानाच केली का? ती मूळ आहे की नक्कल? ती अचूक आहे का? चिठोऱ्यावरून वहीत उतरवलेला आकडा तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला नापास होतो. उतरवताना काय गळले, काय सुधारले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. औषध घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा नियम कठोर नाही, आवश्यक आहे. मला अस्वस्थ करते ते हे की आपण शाळा-कॉलेजात मुलांना याच्या नेमके उलट शिकवतो आणि त्याला शिस्त म्हणतो.

विज्ञान शाखेत न गेलेल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. एक पान रेघांचे, समोरचे कोरे. रेघांच्या पानावर मजकूर, कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती. सुरुवातीला अनुक्रमणिका आणि प्रमाणपत्राचे पान. वर्षाच्या शेवटी त्यावर प्राध्यापकांची सही आणि विभागाचा शिक्का पडला की जर्नल ‘सर्टिफाइड’ झाले. त्याशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. इथपर्यंत सगळे ठीक आहे. पण व्यवहारात हे जर्नल प्रयोगशाळेत लिहिले जात नाही. ते घरी, हॉस्टेलवर, सबमिशनच्या आदल्या रात्री, सिनियरच्या जर्नलवरून उतरवले जाते. सिनियरने ते त्याच्या सिनियरवरून उतरवलेले असते. छापील आकृत्यांची तयार जर्नलेही मिळतात, आणि पैसे घेऊन जर्नल लिहून देणारेही आहेत.

एक उदाहरण देते. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात. ते टोक कापून अ‍ॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवायचे, म्हणजे पेशी ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत थिजते. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात जरा गरम करून पेशींना जोडून ठेवणारे द्रव्य सैल करायचे, अ‍ॅसिटोकारमाइनने रंगवायचे, काचपट्टीवर ठेवून कव्हरस्लिप दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. चांगली पट्टी झाली तरी बहुतेक पेशी विभाजनात नसतातच. एखाद्या कोपऱ्यात गुणसूत्रे मध्यरेषेवर आलेली, म्हणजे मेटाफेजमधली पेशी सापडते आणि ती सापडल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, त्यासाठी मी या पेशात आहे.

आता जर्नल उघडा. मेटाफेजच्या आकृतीत गुणसूत्रे चार. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे १६ असतात. चार असतात ती पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत, कारण समजायला सोपे जावे म्हणून तिथे तेवढीच काढलेली असतात. म्हणजे ज्या मुलीने स्वतः पट्टी केली, स्वतः पेशी शोधली, तिनेसुद्धा जर्नलमध्ये पुस्तकच काढले. डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा छापलेले खरे, हे ती शिकली. जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षात याहून वाईट काही शिकता येत नाही.

मग जर्नल कसे असावे? वही बांधलेली हवी, सुट्या पानांची नको. पानांना आधीच क्रमांक हवेत, म्हणजे फाडलेले पान लपत नाही. लिहायचे पेनने, आणि प्रॅक्टिकल चालू असतानाच. आकृती पेन्सिलने काढायला हरकत नाही, पण आकडे पेननेच. चुकले तर एक आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी आद्याक्षरे आणि तारीख. व्हाइटनर नको. कोरी उरलेली जागा तिरप्या रेघेने बंद करायची. प्रयोगाचा उद्देश आधी लिहायचा. कृती पुस्तकातली नको, आपण जशी केली तशी हवी: रंगद्रव्यात पट्टी किती मिनिटे ठेवली, तेवढी का ठेवली, मध्येच वीज गेली का. शेवटी निष्कर्ष, आणि पुढच्या वेळी काय बदलाल तेही.

एककांबद्दल मी फार आग्रही आहे. बटाट्याचे तुकडे साखरेच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत ठेवून वजन पाहण्याचा प्रयोग घ्या. बहुतेक जर्नलांत ‘वजन वाढले’ किंवा ‘वजन घटले’ एवढेच असते. काहींत फरक असतो: ०.२० ग्रॅम. पण सुरुवातीचे वजन २.०० ग्रॅम असेल तर ही वाढ १० टक्के आहे, ४.०० ग्रॅम असेल तर ५ टक्के. मूळ आकडे नसतील तर तो फरक कशाचीच तुलना करू देत नाही. तुकडा टिपकागदाने पुसून तोलला की ओलाच, हेही लिहायला हवे. लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग ‘खोलीच्या तापमानाला’ केला असे लिहिणाऱ्याला मी विचारते, कुठल्या खोलीच्या? मे महिन्यातल्या नागपूरच्या की डिसेंबरातल्या महाबळेश्वरच्या? भिंतीवर तापमापी आहे, आकडा लिहायला काही क्षण लागतात.

हे बारकावे कंटाळवाणे वाटत असतील, तर आमच्या विषयातला एक जुना वाद सांगते. तो मी दरवर्षी वर्गात सांगते, कारण मला त्याहून मोठा धडा माहीत नाही.

ग्रेगोर मेंडेलने ब्र्नो येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले, १८६५ मध्ये ते विद्वत्सभेपुढे मांडले आणि १८६६ मध्ये ते छापले गेले. गोल दाणे ५४७४, सुरकुतलेले १८५०. जवळजवळ ३:१. पुढचा प्रश्न असा की प्रभावी लक्षण दाखवणाऱ्या झाडांपैकी शुद्ध किती आणि संकरित किती. सिद्धांताप्रमाणे एक तृतीयांश शुद्ध, दोन तृतीयांश संकरित. शेंगेचा रंग किंवा झाडाची उंची यांसारख्या लक्षणांसाठी मेंडेलने प्रत्येक झाडाचे १० दाणे पेरले. दहाही रोपे प्रभावी निघाली तर ते झाड शुद्ध, एक जरी वेगळे निघाले तर संकरित.

१९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इथे बोट ठेवले. संकरित झाडाचे प्रत्येक रोप प्रभावी निघण्याची शक्यता तीन चतुर्थांश. दहाही तशीच निघण्याची शक्यता, तीन चतुर्थांशाला दहा वेळा गुणले की येते: सुमारे ०.०५६. म्हणजे शंभर संकरित झाडांपैकी पाच-सहा चुकून ‘शुद्ध’मध्ये मोजली जाणार. एकूण ६०० झाडे होती. आदर्श विभागणी ४०० आणि २००. पण या अटळ चुकीमुळे मेंडेलला साधारण ३७७ आणि २२३ मिळायला हवी होती. मिळाली ३९९ आणि २०१. उत्तर खऱ्या प्रयोगापेक्षा सिद्धांताच्या जवळ गेले होते! फिशर यांनी मेंडेलचे सगळे प्रयोग एकत्र तपासले. इतका नेमका मेळ योगायोगाने बसण्याची शक्यता लाखात सात, असे त्यांचे गणित आले. मेंडेलवर त्यांचा संशय नव्हता. अपेक्षित उत्तर माहीत असलेल्या एखाद्या मदतनिसाने आकडे जुळवले असावेत, असा त्यांचा तर्क होता.

त्यानंतर अनेक अभ्यासकांनी मेंडेलची बाजू मांडली. कदाचित काही रोपे मरतील म्हणून त्याने दहापेक्षा जास्त दाणे पेरले असतील; जास्त रोपे पाहिली असतील तर चुकीचे प्रमाण घटते आणि फिशर यांचा हा आक्षेप सैल होतो. उलट काही दाणे उगवलेच नसतील तर आक्षेप आणखी घट्ट होतो. २००८ मध्ये हा वाद संपवण्याच्या उद्देशाने एक अख्खा ग्रंथ निघाला. माझ्या मते मेंडेल प्रामाणिक होता, आणि त्याचे कारण त्याच्याच निबंधात आहे. हिरव्या-पिवळ्या शेंगांच्या चाचणीत त्याला ६० आणि ४० असे अंगाशी येणारे उत्तर मिळाले. त्याने ते लपवले नाही, छापले. प्रयोग पुन्हा केला, ६५ आणि ३५ मिळाले, तेही छापले. लबाडी करणारा माणूस ६०-४० छापत नाही.

पण माझे मत म्हणजे पुरावा नव्हे. दाणे किती पेरले, किती उगवले, किती मोजले, हे बागेतल्या रोजच्या वहीत असायला हवे होते. १८८४ मध्ये मेंडेल वारला आणि त्यानंतर मठात त्याचे कागद जाळले गेले. उरला तो छापील निबंध, म्हणजे फेअर. एका थोर माणसावरचा संशय आज पूर्णपणे पुसता येत नाही, कारण त्याची रफ वही नाही.

याउलट डार्विनची १८३७ ची वही पाहा. त्यातल्या एका पानावर फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाचे वेडेवाकडे रेखाटन आहे. सजीवांच्या नात्यांची कल्पना त्याच्या मनात कशी आकार घेत होती, ते त्या पानावर दिसते. केंब्रिजच्या ग्रंथालयातून ती वही नाहीशी झाली होती. २०२२ मध्ये ती परत मिळाली तेव्हा जगभर बातमी झाली. ते रेखाटन कोणी फेअर करून घेतले असते, तर त्याची किंमत काय उरली असती?

लोकांचे गैरसमज मात्र पक्के आहेत. जीवशास्त्र म्हणजे पाठांतर आणि चित्रकला, ही समजूत घरोघरी आहे. आई-वडील रात्री जागून मुलांच्या आकृत्या काढून देतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. ‘प्रयोग फसला तर लिहायचं काय?’ असे मुले विचारतात. मी सांगते, फसला तेच लिहा. एका मुलाने लिहिले होते, “सगळं लाल झालं, पेशी वेगळ्या दिसल्या नाहीत.” ते संपूर्ण वर्षातले सर्वांत चांगले निरीक्षण होते. त्यावरून आम्ही रंगवण्याचा वेळ कमी केला आणि पुढच्या खेपेला पेशी दिसल्या. पण त्याला भीती होती ती परीक्षकाची. खाडाखोड असलेले जर्नल पाहून बाहेरून आलेले परीक्षक नाराज होतात, हे खरे आहे.

भाषेचाही अडथळा आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी अकरावीत इंग्रजी परिच्छेदांपुढे उभी राहते. ते तिचे नसतात, म्हणून ती ते उतरवते. मी तिला म्हणते, निरीक्षण मराठीत लिही. ‘कडेच्या पेशी फुगलेल्या, मधल्या आक्रसलेल्या’ असे लिहिलेस तरी विज्ञानाचे काहीही बिघडत नाही. पारिभाषिक शब्द हळूहळू येतील. पाहण्याची सवय मात्र एकदा गेली की परत आणणे फार कठीण.

शिक्षकांची बाजूही मला ठाऊक आहे. बॅच मोठी, सूक्ष्मदर्शक कमी, तास अपुरा, तपासायला जर्नलांचे ढीग. सहीसाठी रांग लागली की पान उलटून सही करण्याचा मोह होतो. मी दरवर्षी तेच सांगते आणि दरवर्षी परीक्षेआधी व्हरांड्यात मुले जुन्या जर्नलांवर वाकलेली दिसतात. एकट्या शिक्षकाच्या आग्रहाने हे बदलेल का, याची मला खात्री वाटत नाही. गुण देण्याची पद्धत बदलल्याशिवाय सवय बदलणार नाही.

म्हणून विनंती तिघांना. प्राध्यापक सहकाऱ्यांनो, जर्नलवर सही प्रॅक्टिकल संपताना, त्याच टेबलावर करा; नंतर आणलेल्या फेअर पानावर करू नका, आणि परीक्षक म्हणून जाल तेव्हा खाडाखोडीचे गुण कापू नका. पालकांनो, मुलांच्या आकृत्या काढून देऊ नका, त्याऐवजी विचारा, “तुला स्वतःला काय दिसलं?” आणि विद्यार्थ्यांनो, तुमचे उत्तर पुस्तकापेक्षा वेगळे आले तर घाबरू नका. आकडा आला तसा लिहा, त्याच क्षणी लिहा, पेनने लिहा. अक्षर कसे आहे हे कोणी लक्षात ठेवणार नाही. नोंद खरी आहे की नाही, यावर मात्र उद्या कुणाचे तरी औषध अवलंबून असेल.