तिथी नसलेले सैनिक

ओमाहात सप्टेंबर आला की आमच्या घरी दोन तयाऱ्यांची गडबड असते. एक मराठी मंडळाच्या गणपतीची आणि दुसरी माजी सैनिकांच्या मेणबत्त्यांच्या सभेची. सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार हा अमेरिकेत युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांचा दिवस. १९७९पासून तो पाळला जातो. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ व्हिएतनामच्या लढाईत होते. इथल्या सभेचं सगळं तेच बघतात. मंडळाचा मांडव, माईक, परवानग्या ही कामं माझ्याकडे असतात, हे त्यांनी पाहिलं होतं. एके संध्याकाळी दारात उभं राहूनच त्यांनी विचारलं, "आमच्यातही येशील का?" तेव्हापासून मी त्या समितीत आहे.

कामं ओळखीचीच. बागेची परवानगी काढायची, पाऊस आला तर कुठे बसायचं ते ठरवायचं, वयस्कर माणसांच्या खुर्च्या पुढे लावायच्या. खरी अडचण वाऱ्याची. नेब्रास्का म्हणजे सपाट माळ. मक्याच्या शेतांवरून सुटलेल्या वाऱ्याला अडवायला काही नाही, त्यामुळे कागदी कपातली मेणबत्ती पेटते न पेटते तोच विझते. बॅटरीचे दिवे घेऊ या, अशी सूचना दर वर्षी येते आणि जुनी माणसं दर वर्षी ती मोडून काढतात. विझली तर शेजाऱ्याच्या मेणबत्तीवरून पुन्हा लावायची, हा त्यांचा नियम आहे. म्हणून आम्ही वर्षभर लोणच्याच्या आणि जॅमच्या रिकाम्या बरण्या जमवतो. तळाशी वाळू भरून मधोमध मेणबत्ती रोवली की ती शेवटचं नाव वाचून होईपर्यंत तग धरते.

व्यासपीठावर पाहुणे बसत नाहीत. तिथे एक लहान गोल टेबल मांडतात. त्यावर पांढरं कापड, लाल फीत बांधलेलं एकच गुलाबाचं फूल, ताटलीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, पालथा घातलेला पेला. बाजूला रिकामी खुर्ची. लिंबू कडवट नशिबासाठी आणि मीठ घरच्यांच्या अश्रूंसाठी. व्हिएतनामच्या युद्धात लढलेल्या वैमानिकांनी ही रीत सुरू केली. आता लष्करी भोजनगृहांतही असं टेबल कायम मांडलेलं दिसतं.

नावं वाचण्याचं काम माझ्याकडे आहे. इथे चेक, जर्मन, पोलिश घराणी पुष्कळ, आणि स्पेलिंगवरून त्यांच्या आडनावांचा उच्चार कळत नाही. मी प्रत्येक घरी फोन करून नाव ऐकते आणि देवनागरीत उतरवून घेते. इतक्या वर्षांनी नाव पुकारायचं तर ते आईने हाक मारली असेल तसंच पुकारलं पाहिजे.

मागच्या तयारीत कार्यक्रमपत्रिकेची प्रत तपासायला आली होती. एका नावापुढे जन्मसाल, छोटी रेघ आणि मृत्यूचं साल असं छापलं होतं. त्या सैनिकाची भाची समितीत आहे, आता सत्तरीकडे झुकलेली. तिने पेन काढलं आणि ते दुसरं साल शांतपणे खोडलं. म्हणाली, "हे साल सरकारने धरलंय. मामा अजून सापडलेला नाही." १९५०च्या हिवाळ्यात तो उत्तर कोरियात बेपत्ता झाला. तिने त्याला पाहिलेलंही नाही. पण शोध तिच्यापाशी येऊन थांबला आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून मुलांना मिळतो. मामाला तो आजीकडून मिळाला आणि हिलाही तोच, आईच्या मार्फत. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवून तिने नमुना दिला आहे. उद्या कोरियाच्या मातीत एखादं हाड सापडलं, तर ते मामाचं आहे की नाही हे सांगायला या भाचीची लाळ उपयोगी पडेल.

हा शोध लांब कुठे नाही, आमच्या शहराला लागूनच चालतो. दक्षिणेला ऑफट हा हवाई दलाचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानं बांधणारा कारखाना तिथे होता. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान त्यातूनच बाहेर पडलं. त्याच इमारतीत २०१३पासून बेपत्ता सैनिकांचे अवशेष ओळखण्याची प्रयोगशाळा आहे. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरच्या हल्ल्यात 'ओक्लाहोमा' ही युद्धनौका उलटली आणि तिच्यावरचे ४२९ जण गेले. त्यांतल्या बहुतेकांना हवाईत 'अनोळखी' म्हणून पुरलं होतं. २०१५मध्ये त्या कबरी उघडल्या, एकमेकांत मिसळलेली हाडं इथे आणून एकेक वेगळी केली, आणि सहा वर्षांत साडेतीनशेहून अधिक जणांना त्यांची नावं परत मिळाली. डीएनएच्या जोडीला दातांच्या नोंदी कामी येतात. भरतीच्या वेळी क्षयरोगाच्या तपासणीसाठी काढलेले छातीचे जुने एक्स-रेसुद्धा, कारण त्यांत गळपट्टीचं हाड दिसतं आणि त्याचा आकार माणसागणिक निराळा असतो.

एवढी यंत्रणा सरकारने आपण होऊन उभारली नाही. बायकांनी ती उभारायला लावली. मेरी हॉफ यांचे पती नौदलात वैमानिक होते आणि जानेवारी १९७०मध्ये लाओसवर बेपत्ता झाले. आपल्या माणसांसाठी एक झेंडा हवा, असं त्यांनी १९७१मध्ये झेंडे बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. न्यूट हाइस्ली या माजी वैमानिकाने तो रेखाटला: काळ्या पार्श्वभूमीवर खाली झुकलेलं डोकं, मागे टेहळणीचा मनोरा आणि काटेरी तार. १९८२मध्ये तो व्हाइट हाउसवर चढला. २०१९च्या कायद्यामुळे तो आता ठरावीक सरकारी इमारतींवर रोज राष्ट्रध्वजाखाली फडकतो. आमच्या पोस्ट ऑफिसवरही आहे. व्हिएतनाम युद्धातले दीड हजारांवर अमेरिकन अजूनही बेपत्ता आहेत आणि दुसऱ्या महायुद्धापासून मोजलं तर आकडा ८०,०००च्या वर जातो. तो आकडा झाकला जात नाही, हे मला मोठं वाटतं.

आपला पितृपक्ष याच दिवसांच्या आसपास येतो. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे, शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी आहे. पण माणूस गेला की आहे, हेच कळत नसेल तर पान कुणाचं वाढायचं? हा प्रश्न घेऊन आयुष्य काढलेली एक मराठी घरातली बाई आपल्याकडे आहे. दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं विमान ५ डिसेंबर १९७१ला पाकिस्तानात शोरकोटवर पडलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच सुमारास तिकडच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं छापून आली, त्यांत त्यांच्याशी जुळणारं नाव होतं. पाकिस्तान म्हणतं, आमच्याकडे कुणी नाही. त्या युद्धानंतर आपण सुमारे ९३,००० कैदी परत पाठवले. १९७९मध्ये आपल्या बेपत्ता सैनिकांची यादी लोकसभेत ठेवली गेली, पुढे असे सैनिक '५४ बेपत्ता' म्हणून ओळखले गेले. नातलग १९८३मध्ये आणि २००७मध्ये पाकिस्तानच्या तुरुंगांपर्यंत जाऊन आले. हाती काही लागलं नाही.

इथल्या सभेत मी तांबे यांचं नाव वाचत नाही. ती यादी इथल्या घरांची आहे. पण प्रत्येक वर्षी मनात येतं की आपल्याकडे असा एक दिवस का असू नये? आणि शोधही का होऊ नये? विज्ञानाची अडचण नाही. अरुणाचलच्या डोंगरांत दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विमानं कोसळली होती, भारतात त्यांचे ४००च्या आसपास सैनिक बेपत्ता आहेत. त्यांच्या शोधासाठी गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाने २०२१मध्ये अमेरिकेशी करार केला. परक्यांची हाडं ओळखायला मदत करणारी संस्था आपल्याच देशात आहे. कमी आहे ती मागणी करणाऱ्यांची. १९७१मध्ये तरुण असलेल्या बहिणी आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्या गेल्या की नमुना देऊ शकणारी माणसं आणखी कमी होतील.

म्हणून देशातल्या आणि परदेशातल्या मराठी मंडळांना, शाळांना, माजी सैनिकांच्या संघटनांना माझी विनंती आहे. येत्या ५ डिसेंबरला संध्याकाळी एक खुर्ची रिकामी ठेवा आणि ती चोपन्न नावं मोठ्याने, नीट वाचा. मग त्याच आठवड्यात आपल्या खासदाराला पत्र लिहा: या घरांतल्या माणसांचे डीएनए नमुने घेऊन जपा आणि शोधाचं काय झालं ते त्यांना दर वर्षी लेखी कळवा.