कर्ता कोण?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीस येते. तेथे परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. एका वर्षी ते पाहताना शेजारच्या वृद्ध मेंढपाळास मी विचारले, "कुठं वळायचं हे यांना कसं कळतं, बाबा?" ते म्हणाले, "म्होरली वळली की समद्या वळत्यात." "आणि म्होरली?" यावर ते नुसते हसले.

प्रश्न मेंढ्यांपुरता नव्हता. वडिलांच्या अखेरच्या आजारात मी गावी गेलो नाही. उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या. पुढे कोणी विचारले की मी सांगे, 'जाणे झाले नाही.' मराठीचा अध्यापक असल्याने या वाक्याची सोय मी ओळखतो. 'मी गेलो नाही' यात कर्ता उघडा पडतो. 'जाणे झाले नाही' यात 'जाणे'च कर्त्याच्या जागी बसते आणि मी वाक्याबाहेर सुटतो. 'पेला फुटला', 'माझ्याने बोलवेना', 'राहून गेले' हीही त्याच कुळातली. अर्थात त्यांना केवळ पळवाटा म्हणणे अन्यायाचे होईल. माणसाच्या हातून पुष्कळ काही खरोखरच घडून जाते, याची ती नोंदही आहे. बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगात हात हलवण्याच्या इच्छेची जाणीव होण्यापूर्वीच मेंदूतील हालचाल नोंदली गेली. तिच्या अर्थाविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही.

टिळकांच्या 'गीतारहस्या'त (१९१५) 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असे स्वतंत्र प्रकरणच आहे. ग्रंथ लिहिला गेला १९१०-११ च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात. कर्माची साखळी मान्य करूनही टिळक माणसाचे स्वातंत्र्य नाकारीत नाहीत. ही बाजू एका बंदिवानाने मांडली, एवढ्याने ती सिद्ध होत नाही. परंतु भिंती आपण निवडलेल्या नसल्या तरी त्यांच्या आत काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच.

माझे न जाणे सवयीने, भीतीने की आणखी कशाने ठरले होते, हे मला आज सांगता येणार नाही. त्या क्षणी मी स्वतंत्र होतो असे सिद्ध करणेही मला जमणार नाही. मात्र त्याविषयी कोणते वाक्य बोलावयाचे, हा प्रश्न त्या क्षणाबरोबर संपला नाही. काटेवाडीहून परतल्यावर आईला म्हणालो, "मी गेलो नाही." ती म्हणाली, "ठाऊक आहे मला."

तेही वाक्य माझ्या आधी माझ्या मेंदूत घडले असेल. तरी त्यातला कर्ता आता मला खोडावयाचा नाही.